खाली किक

साळुंखेकाका माणसाच्या तोंडाकडे नंतर बघायचे, आधी पायांकडे. आम्ही बडोद्यात वासण्याच्या सोसायटीत राहायला आलो त्या दिवशी टेम्पोतून सामान उतरत होतं आणि मी पदर खोचून मजुरांवर ओरडत होते. समोरच्या घरातून एक उंच, सुकलेले गृहस्थ बाहेर आले, माझ्या पायांकडे बघत उभे राहिले आणि म्हणाले, "चपला?" नमस्कार नाही, नाव नाही, गाव नाही. मी आधीच तापलेली. म्हटलं, "मग काय बूट घालून सामान लावू?" ते शांतपणे म्हणाले, "कपाट पायावर पडलं तर चप्पल काय करणार, बेन?" आणि आत निघून गेले. पाच मिनिटांनी काकूंच्या हातचा चहा घेऊन परत आले, तेव्हाही नजर खालीच. मी नवऱ्याला, मिलिंदला म्हटलं, शेजार बघ कसला मिळालाय, एक नंबरचं ध्यान आहे.

मी साताऱ्याची. लग्न होऊन बडोद्यात आले तेव्हा इथल्या मराठीने माझं डोकं उठायचं. घरात बोलतात मराठी, पण निम्मे शब्द गुजराती. "मला नाही फावणार" म्हणे. आमच्याकडे फावणं म्हणजे सवड मिळणं. इथे फावणं म्हणजे जमणं. सासूबाई म्हणायच्या, "तुला पोळ्या फावतात ना?" आणि मी म्हणायचे, "कामं आटोपली की फावेल." पहिलं वर्षभर असंच चाललं. पुढे शिकले सगळं. एकोणीस वर्षं एका गावात राहून दगडही शिकेल. हे मी मुद्दाम सांगतेय. पुढे याच गोष्टीवर मी खोटं बोलले, आणि ते खोटं काकांच्या नावावर चढलं.

काकांचे पणजोबा इथल्या सरकारी घोडदळात होते. काका स्वतः नंदेसरीला एका केमिकल कारखान्यात फिटर. तीस वर्षं रोज जुन्या बुलेटवर जाऊन आले. सोसायटीतले गुजराती लोक त्यांना सोलंकीभाई म्हणायचे. मी एकदा चिडून म्हटलं, "काका, सांगा की त्यांना, साळुंखे म्हणून." तर म्हणाले, "एकच आहे ते. नावाने काय गाडी चालू होते?" गुडघे गेल्यावर त्यांनी आपली गाडी विकली होती, पण रोज सकाळी पार्किंगमध्ये एक चक्कर व्हायचीच. तीही बुटांत. काळे, नाडीचे, जाड तळव्याचे बूट. पेपर उचलायला दारापर्यंत यायचं तरी बूट. उजव्या बुटाच्या तळव्यावर, बरोब्बर मधल्या खळग्यात, आडवी घळ पडलेली. कोणी किकची गोष्ट काढली की ते भिंतीला टेकून पाय वर करायचे आणि ती घळ दाखवायचे. "जो, बघ. किक इथे बसते. चवड्यावर नाही, टाचेवर नाही. इथे."

त्यांचं सगळं तत्त्वज्ञान त्या किकभोवती होतं. म्हणायचे, "घोडा लाथ मारायच्या आधी कान पाडतो. हिला कान नाहीत. हिला काटा आहे." हेडलाइटच्या वर करंटचा छोटा गोल मीटर असतो, त्यातला काटा. चावी चालू करून किक हळूहळू दाबली की काटा एका बाजूला पडतो, आणि इंजिनातला दाब पुरा भरला की मध्ये परत येतो. तो मध्ये आल्याशिवाय जो लाथ घालतो, त्याला गाडी उलटी लाथ घालते. किकची दांडी खालून अशी उसळून येते की घोटा, नडगी, गुडघा, जे सापडेल ते मोडतं. काकांनी नंदेसरीच्या वाटेवर असे मोडलेले पाय बघितले होते. म्हणून सोसायटीतलं कोणी जुनी गाडी घेऊन आलं की काका त्याला आधी बुटांत घालायचे आणि मग शिकवायचे. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या एकाचाही पाय मोडला नव्हता. हे ते स्वतः कधी सांगायचे नाहीत, काकू सांगायच्या.

आमच्याकडेही बुलेट होती. माझ्या सासऱ्यांची, उजव्या पायाला गियर असलेली, जुन्या बिडाच्या इंजिनाची. मिलिंद रविवारी सकाळी ती काढायचा. मी वरून ऐकायचे. आधी धापा टाकल्यासारखं फस्स, फस्स, मग शांतता, मग एकच दणका आणि ती धडधड. स्वयंपाकघरातल्या फडताळातल्या वाट्या हलायच्या. मी दर वेळी वैतागायचे त्या आवाजावर. मिलिंद एका दुपारी ऑफिसात खुर्चीवरच गेला. अठ्ठेचाळीस वर्षांचा होता. घरी आणला तेव्हा खिशात त्या गाडीची चावी होती.

तेराव्यानंतर माझा दीर सतीश पादऱ्याहून आला. वाईट माणूस नाही तो. म्हणाला, "वहिनी, पप्पांची गाडी आहे. उभी राहून गंजेल. मी घेऊन जातो, तुम्हाला काय ती फावणार?" गाडी खरं तर त्याच्याही बापाची. पण तो 'फावणार' शब्द माझ्या नाकाला मिरचीसारखा झोंबला. मी म्हटलं, "माझी मी चालू करून दाखवली तर?" तो हसला. म्हणाला, "दाखवलीत तर राहू दे इथेच, मी कधी शब्द काढणार नाही." काकू तिथे बसल्या होत्या, काका दारात उभे. काकांनी माझ्या पायांकडे बघितलं. मी चपलांतच होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मिलिंदचे बूट पुढे कापूस कोंबून घातले आणि पार्किंगमध्ये जाऊन उभी राहिले. काका आधीच तिथे होते. त्यांनी खाली वाकून बुटांच्या नाड्या ओढून बघितल्या.

मग सुरू झाली खाली किक. 'खाली' म्हणजे रिकामी. चावी बंद ठेवून मारायची किक. ठिणगी नाही, आवाज नाही, धोका नाही. पेट्रोलचा कॉक उघडायचा, गाडी मोठ्या स्टँडवर, काका पुढे हेडलाइटवर हात ठेवून उभे. "हळवे," ते म्हणायचे. हाही एक त्यांचा शब्द. आमच्याकडे हळवं माणूस म्हणजे चटकन डोळ्यांत पाणी येणारं. इथे हळवे म्हणजे हलक्या हाताने, सावकाश. "हळवे दाब. अडली? जिथे अडते तिथे तिचा जीव आहे. तिथे थांब. आता डाव्या हाताची ती बारकी दांडी ओढ, तिचा श्वास सोड. नखभर पुढे ने. सोड दांडी. किक वर येऊ दे. आता एकच, शेवटपर्यंत. अर्धी नाही मारायची. अर्ध्या किकवाल्याचाच पाय मोडतो." गुडघा ताठ केला की ते माझ्या बुटावर हातातल्या छत्रीच्या टोकाने टकटक करायचे. "गुडघा नरम. हाडाने नाही मारायची, वजनाने मारायची."

एक आठवडा झाला, दोन झाले, महिना झाला. रोज सकाळी लॅबला जायच्या आधी वीस खाली किका. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे, दिवसभर उभ्याने लोकांचं रक्त काढते. संध्याकाळी पिंढऱ्यांत गोळे यायचे. सोसायटीतल्या बायका गॅलरीतून बघून हसायच्या. "वैशालीबेन कसरत करे छे!" मी काकांना म्हटलं, "काका, आता चावी लावू द्या की. सायकलचा पंप मारतेय असं वाटतं." तर म्हणाले, "पाय बोलतो तुझा अजून. तो गप झाला की चावी." दुसऱ्या एका दिवशी मी म्हटलं, "मिलिंदला कोणी शिकवली होती? त्याला असंच छळलंत?" काका म्हणाले, "त्याला मीच शिकवली. पण त्याला गाडी चालवायची होती. तुला कोणाला तरी दाखवायची आहे. दाखवायला येतो त्याला मी जास्त दिवस खाली ठेवतो."

राग आला मला. खरं होतं म्हणून जास्त आला.

पाचव्या आठवड्यात काकांनी स्वतः चावी लावून, हाताने किक दाबून काटा तपासला आणि मान हलवली. "टायमिंग पुढे गेलंय. ठिणगी लवकर पडते. अशा गाडीला चावी लावायची नाही. पाणीगेटहून मिस्त्री सोमवारी येईल, तो करेल सारखं, मग मंगळवारी तू चालू कर. उठव सगळ्या सोसायटीला." पण शनिवारी सतीशचा फोन आला. रविवारी अकराला टेम्पो घेऊन येतो, गाडी न्यायला. मी नुसतं बरं म्हटलं. काकांना सांगितलं तर म्हणाले, "तर त्याला सांग मंगळवारी ये. एवढंच ना?" एवढंच होतं. पण तेवढं मला तोंडाने म्हणता आलं नाही. 'सोमवारी मिस्त्री येणार आहे' म्हटल्यावर सतीश फोनवर कसा हसेल ते मला आधीच ऐकू येत होतं.

रविवारी दहाला आम्ही खाली. कॉक उघडला. तीन खाली किका मारल्या, पेट्रोल वर ओढलं गेलं, त्याचा वास आला. गेटशी कुठला तरी टेम्पो वळला. सतीशचा नव्हता, पण मी दोनदा वळून बघितलं. काका म्हणाले, "अजून एक खाली मार, मग बंद. बाकी मंगळवारी." आणि चष्मा काढून सदऱ्याला पुसायला लागले. चावी हेडलाइटवरच असते, त्यांच्या हातापासून वीतभर. मी चावी फिरवली.

मला माहीत होतं. एकदा नाही, शंभरदा ऐकलं होतं की टायमिंग पुढे आहे. 'खाली' म्हणजे काय हेही पाच आठवडे रोज वीस वेळा शिकले होते. तरी फिरवली. मला ती धडधड ऐकायची होती. टेम्पो येईल तेव्हा गाडी चालू असायला हवी होती. आणि मी ना दांडी ओढली, ना अडायची जागा शोधली. गुडघा ताठ, पाय चवड्यावर, आणि भीतीने अर्धीच मारली. जे जे करू नको म्हणून सांगितलं होतं ते सगळं एका लाथेत.

आवाज आला तो गाडीचा नाही, माझ्या घोट्याचा. ओलं लाकूड मोडावं तसा. किकची दांडी उसळून आली आणि मी फरशीवर. मिलिंदचा बूट वाकड्या दिशेला बघत होता आणि बुटात माझा पाय होता. काका खाली बसले होते, त्यांचा चष्मा एका कानावर लोंबत होता, आणि ते नुसतं "पाय, पाय, पाय" म्हणत होते. गाडी मुकाट उभी. तिने एक धडधडसुद्धा केली नाही.

घोटा दोन ठिकाणी मोडला. आत धातूची पट्टी टाकली, सात स्क्रू घातले. संध्याकाळी भूल उतरली तेव्हा सतीश खाटेशी उभा होता. तोंड उतरलेलं त्याचं. म्हणाला, "वहिनी, असं कसं झालं? काका तर एवढे जपून शिकवतात." आणि मी, एका क्षणाचाही विचार न करता, म्हटलं, "ते म्हणाले खाली मार. मला वाटलं खाली, म्हणजे खालच्या बाजूला. जोरात. आमच्याकडे खाली म्हणजे तेच ना."

सतीशचं तोंड उघडंच राहिलं. मग त्याला पटलं. का नाही पटणार? मी साताऱ्याची. मी वर बघितलं तर दारात काका उभे होते, हातात काकूंनी दिलेला खिचडीचा डबा. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मला वाटलं आता म्हणतील, पोरी, चावी कोणी फिरवली? ते आत आले, डबा स्टुलावर ठेवला आणि सतीशला म्हणाले, "बरोबर आहे. शब्द माझा चुकला." मग चादरीतून बाहेर आलेल्या माझ्या प्लास्टरकडे बघत उभे राहिले.

खोट्याला पाय नसतात म्हणतात. या खोट्याला माझ्यापेक्षा धड पाय होते. सोसायटीभर फिरलं ते. लोक मिटक्या मारत सांगायचे, बघा, एका शब्दाने बाईचा पाय मोडला! गणपतीत मंडळाच्या कार्यक्रमात एकाने त्याचा विनोदसुद्धा केला, काका पहिल्या रांगेत बसले असताना. हळूहळू त्यांच्याकडे शिकायला येणं बंद झालं. आया पोरांना म्हणायच्या, सोलंकीकाकांना नको विचारू, पग भांगी नाखशे, पाय मोडतील तुझा. तीस वर्षं ज्याने एकाचं नख दुखू दिलं नाही, त्या माणसाबद्दल. मी गॅलरीत खुर्चीवर पाय टाकून हे ऐकायचे आणि गप्प बसायचे. आज सांगेन, उद्या सांगेन. सांगणं काय अवघड होतं? पण एकदा दुसऱ्याच्या अंगावर टाकलेलं ओझं परत आपल्या अंगावर घेणं किती जड असतं ते ज्याने टाकलंय त्यालाच कळतं.

काकांनी 'खाली' हा शब्दच टाकला. मला हे उशिरा लक्षात आलं. किराण्याच्या दुकानात ते गुजरातीत रिकामा डबा मागत होते आणि 'खाली डबो' म्हणता म्हणता अडले. घशात काटा अडकावा तसे. मग म्हणाले, "डबो... जेमां कंई न होय एवो." ज्यात काही नसेल असा. दुकानदार बघतच राहिला. घरात काकूंना 'खाली जाऊन येतो' म्हणायचे नाहीत. "पार्किंगला जाऊन येतो" म्हणायचे. काकूही तो शब्द टाळायला लागल्या. एका शब्दाची जागा मोकळी ठेवून ते दोघं म्हातारा-म्हातारी मराठी बोलत राहिले, आणि मी समोरच्या दारात बसून ती मोकळी जागा ऐकत राहिले.

गाडी सतीश घेऊन गेला होता, मी हॉस्पिटलात असतानाच. काही बोलला नाही, पुढेही कधी बोलला नाही.

प्लास्टर निघाल्यावर काका रोज सकाळी यायचे. माझं कोपर धरून पार्किंगमध्ये चालवायचे, जिथे गाडी उभी असायची त्या तेलाच्या डागापासून गेटपर्यंत आणि परत. "हळवे. आधी टाच. मग चवडा. हळवे." मी कण्हायचे, चिडायचे, एकदा तर त्यांचा हात झिडकारला. ते हलले नाहीत. खाली माझ्या पायाकडे बघत म्हणाले, "पाय बोलू दे. त्याला बोलायचंय. तू गप बस." मला वाटलं कळलं यांना. वर बघितलं तर चेहऱ्यावर काही नव्हतं. दोन वर्षं हे चाललं. अजून मी लंगडते, आणि लॅबमध्ये मला आता उंच स्टूल दिलंय.

मग त्यांची फुप्फुसं गेली. आधी जिना चढताना, मग बूट घालताना, मग बोलताना दम लागायला लागला. घरी ऑक्सिजनचं मशीन आलं. रक्त काढायला मी जायचे. दुसऱ्या कोणाला ते हात लावू द्यायचे नाहीत. रिपोर्टही माझ्याच हाताखालून जायचे. मागच्या माघात एक रिपोर्ट बघितला आणि मी लॅबच्या स्टुलावर तशीच बसून राहिले. आता उद्या नव्हता. सांगायचं तर आज, नाहीतर हा माणूस माझं खोटं उशाशी घेऊन जाणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेले. काकू देवळात गेल्या होत्या. मशीन घुरघुरत होतं. काका पलंगावर बसलेले, पायांत मोजे. मी दंडाला पट्टा बांधला, शीर शोधली, सुई घातली, आणि रक्त नळीत यायला लागलं तेव्हा म्हटलं, "काका, त्या दिवशी चावी मी फिरवली. खाली म्हणजे काय ते मला माहीत होतं. तुमचा शब्द चुकला नव्हता."

मला वाटलं ऐकूच आलं नाही. नळी भरली, मी सुई काढली, कापूस दाबून धरला.

"माहितेय," ते म्हणाले.

"काय माहितेय?"

"चष्मा घातला तेव्हा काटा पडलेला बघितला मी." एवढं बोलून ते थांबले, दोन श्वास घेतले. "तुझा पाय अजून वरच होता. मारायच्या आधी बघितला."

"मग ओरडला का नाहीत, काका?"

त्यांनी नाकातली ऑक्सिजनची नळी सारखी केली. मग ते म्हणाले, "तुझं तोंड बघितलं. मिलिंद गेल्यावर तसं तोंड पहिल्यांदा बघितलं मी तुझं. जिवंत. म्हटलं, मारू दे. एकदा वाजू दे." पुन्हा श्वास. "जन्मभर पाय बघितले लोकांचे. त्या दिवशी तोंड बघत बसलो. पाय बघायचा राहिला."

मी रडायला लागले. एवढी वर्षं मी त्यांना फसवतेय असं वाटत होतं, आणि हा माणूस तेवढीच वर्षं माझ्या मोडक्या पायाकडे बघून आपला गुन्हा मोजत होता. मी म्हटलं, "मग सगळ्यांसमोर शब्द चुकला म्हणून का घेतलंत अंगावर?" ते थोडे हसले, खोकले. "शब्द बरा होता. तुझंपण झाकलं गेलं, माझंपण." मी म्हटलं, "मी सांगणार सगळ्यांना. आजच सांगते." त्यांनी कापसावरचा माझा हात दाबला. "मी असताना नको, पोरी. लोक विचारायला येतील. मला आता तेवढा श्वास नाही."

नऊ दिवसांनी ते गेले.

इथे बडोद्यात मराठी घरातही बेसणं ठेवतात. हॉलमध्ये पांढऱ्या चादरी, समोर फोटो, हार, उदबत्ती. दोन तास लोक येतात, बसतात, हात जोडतात आणि जातात. कोणी बोलत नाही. माझा घोटा मांडी घालू देत नाही, म्हणून मी भिंतीला टेकून उभी होते. पादऱ्याहून सतीश आला होता, सोसायटी सगळी होती. दाराशी ते काळे बूट होते, काकूंनी उचलू दिले नव्हते. मागून कोणीतरी उसासा टाकून गुजरातीत म्हणालं, "खाली हाथे आव्या, खाली हाथे जवाना." आणि त्यावर दुसरा दबक्या आवाजात म्हणाला, "काकांना हा शब्द महागात पडला, नाही? बिचाऱ्या वैशालीबेनचा पाय..." दोघंतिघं मान हलवून किंचित हसले. मेलेल्या माणसाच्या फोटोसमोर.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. आणि पहिल्यांदाच ती बरोबर जागी गेली.

"काकांचा शब्द चुकला नव्हता," मी म्हटलं. मोठ्याने, सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं. "खाली किक म्हणजे रिकामी किक, हे मला त्या दिवशी माहीत होतं. चावी मी फिरवली. ते नको म्हणत असताना फिरवली, आणि हॉस्पिटलात खोटं बोलले. सतीश, तुझ्याशी खोटं बोलले. साळुंखेकाकांच्या हाताखाली कोणाचाही पाय मोडला नाही. माझा मी मोडला."

काकांच्या वाटणीचं मी तिथे बोलले नाही. काट्याचं आज लिहितेय तेसुद्धा काकूंना विचारून.

सतीश माझ्याकडे बघत होता, मग त्याने मान झुकवली. माझा पाय उभ्याने लटलटायला लागला होता. मला वाटलं काकू आता मला घराबाहेर काढतील, आणि काढलं असतं तर बरोबरच होतं. फोटोजवळ बसलेल्या काकूंनी डोळ्यांना लावलेला पदर काढला. त्यांनी आधी माझ्या पायांकडे बघितलं, मग तोंडाकडे. आपल्या शेजारची चादर हाताने सारखी केली.

"खाली बस, पोरी," त्या म्हणाल्या. "पाय दुखेल."